साळूबाईच्या घरून एक शेळी

घाईत मारलेली गाठ ही गाठच नसते, दोरी दोरीवर नुसती ठेवलेली असते. त्या रविवारी सकाळी सुकन्यानं शेळी लिंबाला बांधली ती अशीच. डोक्यावर कडवळाची हिरवीगार पेंढी, काखेत डांगर, आणि सासूबाई रस्त्यावरून हाका मारतायत, "अगं चल की. बायका वेदी सजवून मोकळ्या हुतील आन् तू कडवळ घेऊन माघारी येशील."

हंगामाचा सण होता ना. सोनईच्या अलीकडं कालव्याच्या कडेनं जी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथं नाताळच्या खालोखाल हाच दिवस. पीक घरात आलं की ज्याच्याकडं जे असेल ते चर्चमध्ये आणायचं, बाजरीची कणसं म्हणा, अंडी म्हणा, कोंबडा म्हणा, सगळं वेदीपुढं मांडायचं, उपकारस्तुतीची भक्ती करायची, आणि भक्ती संपली की तिथल्या तिथं सगळ्याचा लिलाव. पैसा चर्चला. आणि लिलाव कसा, तर दहा रुपयांचा मुळा दोनशेला जातो आणि घेणारा तो झेंड्यासारखा वर धरून घरी नेतो. मुळा घ्यायला कोण आलंय. देवानं आपल्याला दिलं म्हणून आपण बोली बोलतोय, एवढंच.

आणि ह्या लिलावातला गेल्या दोन-तीन वर्षांचा हिरो कोण, तर सुकन्याचा नवरा अनीश. साळूबाईचा एकुलता एक. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला होता, महिन्याच्या महिन्याला पगार, सणाला बायकोला घेऊन बाईकवर यायचा आणि बोली चढवायचा. गेल्या साली एका गावठी कोंबड्यावर त्यानं असली बोली लावली की लोक म्हणाले, आता हा कोंबडा कापायचा न्हाई, फ्रेम करून लावायचा.

तर ह्या साली त्या कंपनीला कुलूप लागलं होतं. आधी एक शिफ्ट बंद झाली, मग ऑर्डर नाही म्हणून सगळ्यांनाच घरी बसा म्हणाले, मग गेटवर कागद. गणपतीच्या आधी दोघं भाड्याची खोली सोडून गावी आली. आणि गावात काय सांगितलं? वर्क फ्रॉम होम. अनीशनंच सांगितलं. वस्तीवर पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारलं, आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघून गेलं ते मग रोज सांभाळत बसावं लागलं. लॅपटॉप कंपनीनं परत घेतला होता, पण त्याची बॅग होती. ती बॅग घेऊन हा सकाळी गच्चीवर जाऊन बसायचा. बॅगेत काय, तर एक पाण्याची बाटली आणि चार्जर. मोबाईलवर नोकऱ्या बघायचा, अर्ज करायचा, फोन लावायचा. खाली साळूबाई कोंबड्या हाकलायची, "श्शू, हळू जरा, दादाची मीटिंग चालू हाय."

म्हणजे आईलासुद्धा माहीत नव्हतं.

रात्री जेवणं झाली की साळूबाई दिव्याखाली डोळे मिटून प्रार्थना करायची. आजारी माणसं, पाऊसपाणी, पाळकसाहेब, सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी, "आन् हे प्रभू, माझ्या लेकाच्या कंपनीला बरकत दे, तिचा धंदा वाढव." आणि अनीश म्हणायचा, "आमेन." सुकन्या तिथं रोज डोळे उघडून त्याच्याकडं बघायची. तिनं त्याला किती वेळा सांगितलं, अहो, सांगून टाका आईला. तर म्हणायचा, नोकरी मिळाली की सांगतो, म्हणजे दोन्ही बातम्या एकदम होतील. नोकरी काही मिळत नव्हती. शिल्लक होती ती संपली. सुकन्याच्या कानातलं गेलं. ती संगमनेरला माहेरी गेली तेव्हा तिच्या आईनं, चांगुणाबाईनं, तिचे मोकळे कान बघितले, आणि एक शब्द न विचारता परत येताना टेम्पोत एक शेळी चढवून दिली. अस्सल संगमनेरी, पांढरी, गाभण.

साळूबाईनं शेळीचं नाव ठेवलं मॅडम. कारण ती जमिनीवर पडलेला पाला खायची नाही, टांगून द्यावा लागायचा. साळूबाईला वाटायचं सुनेनं हौस म्हणून आणली. पण सुकन्या आणि अनीशचा सगळा हिवाळा त्या शेळीच्या पोटात होता. महिन्याभरात व्यायची होती, पोट बघून दोन तरी करडं नक्की, आणि डेंगूच्या साथीत शेळीचं दूध लोक सोनईवरून शोधत येत होते, म्हणाल तो भाव देत होते. दूध घरातून निघेल, करडं मोठी झाली की घोडेगावच्या बाजारात जातील, तोवर एखादं काम लागेल. एवढाच हिशोब. दुसरा काही नव्हताच.

बरं, तर चर्चला या.

सुकन्यानं कडवळाची पेंढी वेदीपाशी बायकांकडं दिली, डांगर ठेवलं, आणि मागं मंडपात गेली, तिथं दुपारच्या प्रेमभोजनाचा स्वयंपाक चालू होता. इंदूताई महिला मंडळाच्या प्रमुख, त्यांनी तिच्यापुढं लसणाची पाटी सरकवली. "बस. नवरा काय म्हनतो? ह्या वर्षी कशावर बोली लावनार?"

"बघू," सुकन्या म्हणाली आणि लसणात डोकं घातलं.

आणि तिकडं काय झालं, तर मॅडमनं एक हिसका दिला आणि ती गाठ सुटली. कडवळ तर तिच्या नाकासमोरून गेलेलं. ती आली वासावर, रस्त्यानं, ओढा ओलांडून, चर्चच्या पायऱ्या चढून, सरळ मधल्या वाटेनं वेदीपर्यंत. तेव्हा बायका साड्या बदलायला घरी गेलेल्या, आत कुणी नाही. मॅडम कठड्याला लावलेलं कडवळ उभ्या उभ्या खात राहिली. आणि त्या वेळेला आत आला कल्याण.

कल्याण म्हणजे अनीशचा चुलतभाऊ, तरुण संघाचा सेक्रेटरी. उत्साह एवढा की त्याला एक काम सांगितलं तर तीन करून येतो, त्यातली दोन कुणी सांगितलेली नसतात. त्यानं बघितलं, साळूबाई चुलतीची शेळी, वेदीपुढं, पुढ्यात तिच्या घरचंच कडवळ. आता हंगामाच्या सणाला वेदीपुढं शेळी उभी आहे म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? त्याला भरूनच आलं. त्यानं तिला कठड्याला बांधलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि यादीवर सगळ्यात वर नाव लिहिलं.

सुकन्याला हे कळलं कधी, तर घंटा झाल्यावर. हात धुवून, पदर नीट करून ती आत आली, बायकांच्या बाजूला चटईवर बसली, मान वर केली, आणि पुढं पाळकसाहेबांच्या शेजारी माळ घालून मॅडम.

पहिल्यांदा तिला वाटलं, दुसऱ्या कुणाची. मग मॅडमनं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि ओरडली. सगळी मंडळी हसली. पेटीवाल्यानं सूर धरला, गीत सुरू झालं. आता भक्तीच्या मधे उठून काय सांगणार? तिनं पुरुषांच्या बाजूला बघितलं. अनीश खांबाला टेकून बसला होता, आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यानं तिच्याकडं बघून भुवया उडवल्या, म्हणजे, तू आणलीस? तिनं मान हलवली, नाही. त्यानं डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, प्रार्थना करतोय.

ती मनात म्हणत होती, भक्ती झाली की लगेच कल्याणला गाठू, हळूच सोडवून नेऊ, कुणाला कळणारसुद्धा नाही. पण उपकारस्तुतीच्या आधी काय आणलं ते वाचून दाखवायची पद्धत आहे. आणि कल्याण उभा राहिला, घसा खाकरला, आणि पहिल्यांदा हेच वाचलं, "साळूबाईच्या घरून एक शेळी."

एवढी मोठी वस्तू त्या चर्चमध्ये कित्येक वर्षांत आली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि साळूबाई. ती पुढच्या चटईवर बसली होती, तिनं आधी इकडं तिकडं बघितलं, मग शेळीकडं, मग लेकाकडं, आणि तिला वाटलं, पोरांनी आपल्याला न सांगता गुपचूप आपल्या नावानं दिली. उठली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "प्रभूची स्तुती असो. ह्याच्या बापाच्या मागं मी ह्याला भाकर-चटनीवर वाढवलाय. आज माझ्या नावानं शेळी दिली पोरानं. मला आता काय नगं." आणि रडायला लागली. तिच्या शेजारच्या बायकाही रडायला लागल्या.

आता सांगा. आता तोंड कसं उघडायचं?

सुकन्याची पंचाईत झाली. म्हणजे एकीकडं सगळा हिवाळा कठड्याला बांधलेला, आणि एकीकडं म्हातारी आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आनंदात. ती देवाला म्हणाली, मी मागितलं होतं काही तरी कर म्हणून, पण हे म्हटलं नव्हतं. पाळकसाहेब काय बोलले ते तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. मॅडमनं मात्र भक्ती संपेपर्यंत कडवळ संपवलं आणि बाजरीच्या कणसांना सुरुवात केली.

मग लिलाव. लिलाव कारभारीमामा करतात. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले तरी आवाज रिटायर झाला नाही. ते वेदीच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या बाजरीची कनसं शेळीनं लिलावाआधीच घेतली. तिचं बिल कोन देनार ते मागनं बघू. आधी मोठा माल काढू. साळूबाईच्या घरची शेळी. संगमनेरी. गाभन. म्हंजी एक तिकीट घ्या, तिघं बसा."

सगळे हसले. मागच्या बाकावर वाल्मिकशेठ होते. ते गावातले शेळ्यामेंढ्यांचे व्यापारी, ख्रिस्ती नाहीत, पण दर वर्षी हंगामाच्या सणाला चपला बाहेर काढून मागच्या बाकावर येऊन बसतात. म्हणतात, देवाच्या दारचं जनावर रोगी निघत न्हाई. तर त्यांनी नुसती शेळी बघितली आणि पहिलीच बोली बाजारभावाची लावली. खरा माणूस, हसण्यावारी नेणारा नाही. वाल्मिकशेठला शेळी गेली म्हणजे ती उद्याच्या उद्या टेम्पोत.

"वाल्मिकशेठची बोली. एक वार..."

आणि अनीशनं हात वर केला.

हजार वर. चर्चमध्ये एकदम कुजबुज. "आरं, स्वतः दिली आन् स्वतःच घेतोय." "मन बघा मन." कारभारीमामांना तर ऊतच आला, "ह्याला म्हनत्यात देनं. देवाला देतोय आन् देवाकडनं इकत घेतोय. वाल्मिकशेठ, बघा, आमची पोरं कशी हायेत."

वाल्मिकशेठनी टोपी सारखी केली. "पोरगं चांगलं हाय. पन मला शेळी पायजे." आणि पाचशे वर.

अनीशनं परत हात वर केला.

सुकन्याला कळलं तो काय करतोय. तोंड न उघडता शेळी घरी न्यायचा हा एकच रस्ता त्याला दिसला होता. पण खिशात काय आहे ते तिला माहीत होतं, सकाळी तिनंच शर्टाला इस्त्री केली होती. आणि वेदीपुढं बोललेली बोली ही काही बाजारातली बोली नव्हे, ती देवाला दिलेला शब्द. ती बुडवणारा माणूस ह्या वस्तीत कुणी बघितलेला नाही. म्हणजे वाल्मिकशेठ जिंकला तर शेळी गेली, आणि अनीश जिंकला तर शेळी राहिली पण शब्द गेला, आणि पैसे कुठून आणणार म्हणून परत शेळीच विकायची. दोन्हीकडून मॅडम जात होती.

वाल्मिकशेठ वर. अनीश वर. वाल्मिकशेठ वर. आकडा आता शेळीचा राहिला नव्हता, म्हशीकडं निघाला होता. लोक प्रत्येक बोलीला टाळ्या वाजवत होते. साळूबाई रडायची थांबली होती आणि हसत होती आणि शेजारणीला सांगत होती, "कंपनी चांगली हाय ना." अनीशचा चेहरा असा झाला होता की हा माणूस आता बोली बोलत नाही, विहिरीत उतरतोय आणि त्याला दोर कुठं संपतो ते माहीत नाही.

वाल्मिकशेठनी मान हलवली. "बास. घे बाबा."

"अनीशची बोली. एक वार," कारभारीमामा म्हणाले. "दोन वार..."

सुकन्या उठली. ती ठरवून उठली असं काही नाही, गुडघेच उठले. "मामा, थांबा."

"का गं? आनखी वाढवायची का?"

"न्हाई. ती शेळी आम्ही दिलेलीच नाही."

बाहेर चुलवणाखालचं लाकूड तडतडलं ते आत ऐकू आलं.

"म्हंजी?"

"म्हणजे ती माझ्या मागं आली. मी गाठ नीट मारली नव्हती. ती कडवळ खायला आली आणि कल्याणभाऊजींनी माळ घातली."

कुणी तरी फिस्स करून हसलं, मग दोघं-तिघं हसले, आणि कल्याणनं हातातली यादी तोंडासमोर धरली. पण कारभारीमामा हसले नाहीत. त्यांना पद्धत म्हणजे पद्धत. "पोरी, आलं लक्षात. पन माझ्या आज्ज्यापासून एक हाय, वेदीपुढं आलेलं मागं जात न्हाई. आन् तुझा नवरा बोली बोललाय की. पैशे चर्चला जातील, शेळी तुमच्या घरी जाईल. अडचन काय?"

अडचण काय. ती अडचण सुकन्यानं सांगायची नव्हती. तिनं अनीशकडं बघितलं. सगळ्या मंडळीनं अनीशकडं बघितलं. ती मनात म्हणाली, प्रभू, ह्यांना नोकरी नंतर दे, आत्ता आवाज दे.

अनीश उभा राहिला. मग म्हणाला, "पैसे न्हाईत, मामा. कंपनी बंद झाली. गणपतीच्या आधीच. मी जी बोली बोललो ती खोटी बोललो. माझ्याकडं पेट्रोलला पैसे न्हाईत." आणि वर, "लॅपटॉपबी न्हाई. बॅग रिकामी हाय."

साळूबाई हळूहळू वळली. तिच्या तोंडावरचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं, ते तसंच अर्धं अडकलं होतं. "बंद?"

"हो, आई."

"गनपतीच्या आधी?"

"हो."

सुकन्याला वाटलं, आता ही कोसळणार, आता हिला पाणी आणावं लागणार. तर साळूबाई म्हणाली, "मंग मी रोज रात्री बरकत कोनाला मागत हुते? कुलपाला?"

आधी कुणाला हसावं का नाही ते कळेना. मग पाळकसाहेबच हसले. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले, आणि मग सगळं चर्च हसलं, अनीशपण हसला, हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो खांबाला धरून रडायला लागला. साळूबाई उठून पुरुषांच्या बाजूला गेली, जिथं बायका कधी जात नाहीत, आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात घातला. "आईपाशी खोटं आमेन म्हनतो व्हय रे? देवाला काय वाटलं असंल." आणि मग तोच हात तिथंच पाठीवर ठेवून उभी राहिली.

मग जे झालं ते खरं सांगण्यासारखं. इंदूताई उभ्या राहिल्या. त्या एवढ्या कडक बाई की त्यांच्यापुढं आमटीलासुद्धा उकळी भीत भीत येते. त्या म्हणाल्या, "माझा लेक बी घरीच हाय. दिवाळीपासनं. तुमाला मी सांगितलं रजा वाढलीय. रजा-बिजा काय न्हाई." आणि खाली बसल्या. मग पलीकडून एक काका म्हणाले, आमच्या जावयाचं तेच. मग अजून एक. दर रविवारी साक्ष द्या म्हटलं की आजारातून उठलो, प्रवासात वाचलो, असलं सगळे सांगायचे, पण काम गेलंय हे एकानंही कधी सांगितलं नव्हतं. जो तो समजत होता, आपल्यावरच देवाची मर्जी कमी झालीय, आणि ते शेजाऱ्याला कशाला दाखवा. आता एकानं सांगितल्यावर निघायलाच लागलं.

पाळकसाहेब नगरचे, त्यांचं बोलणं शुद्ध. ते म्हणाले, "मी दर आठवड्याला विचारतो, प्रार्थनेसाठी काही विषय आहेत का. तुम्ही म्हणता, सगळं सुखरूप. मी घरी जाऊन बायकोला सांगतो, फार सुखी मंडळी मिळाली." लोक खाली बघायला लागले. "आता शेळीचं. कारभारीमामा, पद्धत बरोबर आहे. वेदीपुढं दिलेलं मागे जात नाही. पण ही द्यायला कुणी आणलीच नाही. देवानं मागितली नाही, घरच्यांनी दिली नाही, मधल्या मधे कल्याणनं दिली. आता कल्याणची शेळी असती तर ठेवून घेतली असती."

"माझ्याकडं एक बोकड हाय," कल्याण यादीमागून म्हणाला.

"ते पुढच्या वर्षी," पाळकसाहेब म्हणाले.

कारभारीमामांनी मान डोलावली, पण त्यांना लिलाव असा अर्धवट सोडणं जमेना. ते म्हणाले, "शेळी मागं. बोली रद्द. पन ही माझ्या बाजरीची दोन कनसं राहिल्यात, बाकी मॅडमनं खाल्ली. ह्या दोन कनसांवर बोली. आन् अनीशनं हात वर करायचा न्हाई, मी आधीच सांगतो." परत हशा. ती दोन कणसं वाल्मिकशेठनी घेतली. एवढ्याला घेतली की कारभारीमामांनी दोनदा विचारलं, शेठ, नक्की ना?

अनीश खाली बसला होता. साळूबाईचं डांगर आलं, अंडी आली, कोंबडा आला, मुळे आले, आणि प्रत्येक वेळी कुणी तरी सवयीनं त्याच्याकडं बघायचं आणि तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचा. आणि हसायचा. सुकन्या पलीकडून बघत होती. किती दिवसांनी तो असा पाठ टेकून बसला होता. गच्चीवर तो पाठ टेकून कधी बसायचाच नाही, कुणी बघेल म्हणून कायम ताठ.

लिलाव संपल्यावर ती मॅडमला सोडायला गेली, तर वाल्मिकशेठ तिथंच उभे. शेळीच्या कासेवरून, पाठीवरून हात फिरवत होते. "पोरी, तुझ्या माहेरची?"

"हो, शेठ."

"तुझा नवरा येडा हाय. ह्या शेळीला एवढी बोली लावायची नस्ती. मी बी येडा. चढत गेलो." मग जरा घुटमळले. "माझ्याकडं तीन पाटी हायेत, तरन्या शेळ्या. माझी पोरं पुन्याला, मानूस न्हाई बघायला. तुमी अर्धलीनं घ्याल का? जनावर माझं, राखायची तुमी, करडं होतील ती निम्मी निम्मी. दूध तुमचं."

अनीश मागून आला होता. तो म्हणाला, "शेठ, विचार करून सांगतो."

"विचार कसला करायचाय?" सुकन्या म्हणाली. "गच्ची मोकळीच हाय की आता. पाला तिथं टांगू."

वाल्मिकशेठना गच्चीचं काही कळलं नाही, पण अनीशला कळलं, आणि त्याचे कान लाल झाले. "येतो उद्या बघायला," तो म्हणाला.

मग पंगत बसली. मंडपात खाली पट्ट्या टाकलेल्या, वांग्याची भाजी, आमटी, भाकरी, लापशी. सुकन्या बादली घेऊन वाढत होती, आणि तिला ज्या ताटापाशी जाईल तिथं काही तरी ऐकू येत होतं. कुणी म्हणत होतं, कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, ऊस मोजायच्या काट्यावर माणूस लागतोय का विचारतो. कुणी म्हणत होतं, आमचा जावई आणि अनीश एकाच ठिकाणी अर्ज करतायत का बघा, नाही तर एकमेकांचंच काम घेतील. इंदूताईंनी आमटीत मीठ जास्त टाकलं होतं आणि आज कुणी काही बोलत नव्हतं. साळूबाई बायकांत बसून सांगत होती, "आता मी कंपनीचं नाव घेनार न्हाई. सरळ म्हननार, प्रभू, कायबी दे, पन चालू असलेलं दे."

अनीशच्या शेजारी श्रीरामपूरहून आलेला तबलजी बसला होता, भजनी मंडळाबरोबरचा. तो लिलावाच्या वेळी बाहेर टेम्पोत झोपला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं भाकरी मोडता मोडता सहज विचारलं, जसं कुणीही विचारतं, "आपण कुठं असता?"

सुकन्याचा हात बादलीत तसाच राहिला.

"इथंच," अनीश म्हणाला. "कंपनीत होतो, ती बंद पडली. सध्या एक शेळी आहे."

"बरं असतं शेळीचं," तबलजी म्हणाला आणि आमटी ओढली. "मीठ जरा जास्त झालंय, नाही?"

"हां, झालंय," अनीश म्हणाला, आणि लापशीसाठी ताट सुकन्यापुढं धरलं.